हशाची नोंद : परिघावरील विनोदी प्रयोग, त्यांचे परीक्षण आणि जबलपूर

१

हरिशंकर परसाई यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेत यमदूताच्या हातून एका मृताचा जीव निसटतो आणि त्याच्या शोधासाठी नारदाला पृथ्वीवर यावे लागते. हा मृत म्हणजे निवृत्तिवेतनाची वाट पाहत मेलेला एक सामान्य सरकारी नोकर. त्याचा पत्ता परसाईंनी मोघम ठेवलेला नाही. शहर जबलपूर, मोहल्ला घमापूर, नाल्याकाठचे पडके घर असा तो स्पष्ट दिलेला आहे. कथेच्या शेवटी जीव सापडतो तो स्वर्गाच्या वाटेवर नव्हे, तर निवृत्तिवेतनाच्या अर्जांनी फुगलेल्या फायलीत. ही कथा हिंदी भाषिक प्रदेशात शाळकरी मुलांनाही परिचित आहे आणि तिची नाट्यरूपे ठिकठिकाणी होत आली आहेत. प्रयोग दिल्लीत वा मुंबईत झाला, तर ‘घमापूर’ हे केवळ एक विशेषनाम असते. जबलपुरात ते उच्चारले जाते तेव्हा प्रेक्षागृहातील काही माणसे रात्री त्याच मोहल्ल्यात परत जाणार असतात. एकाच संहितेतील एकाच शब्दाचे हे दोन निरनिराळे प्रयोगार्थ होत. त्यांतील दुसरा अर्थ, म्हणजे जबलपूरचा अर्थ, कोणत्याही छापील पाठात सापडणार नाही. तो सापडलाच तर परीक्षणात सापडेल.

विनोदी आणि व्यंग्यप्रधान प्रयोगांच्या परीक्षणाचा विचार येथे या अंगाने करावयाचा आहे. परीक्षण म्हणजे नाट्यकृतीचे मूल्यमापन, ही समजूत आपल्या वाङ्मयव्यवहारात रुळलेली आहे. ती चुकीची नाही, मात्र अपुरी आहे. ज्या प्रयोगांना छापील संहिता नसते, व्यावसायिक दौरे नसतात आणि शंभराव्या प्रयोगाचा समारंभही नसतो, अशा परिघावरच्या प्रयोगांच्या बाबतीत परीक्षण हा निकाल असण्याआधी पुरावा असतो. पुष्कळदा तो एकमेव पुरावा असतो. हसणे ही प्रेक्षागृहात घडणारी आणि तिथेच विरून जाणारी क्रिया असल्यामुळे विनोदी प्रयोगाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी ठरते. करुण प्रसंगाचा परिणाम संहितेवरून बऱ्याच अंशी ताडता येतो. हशाचा परिणाम मात्र स्थळ, काळ आणि श्रोता यांवाचून ताडता येत नाही.

२

‘परिघ’ हा शब्द नाट्यमहोत्सवांच्या संदर्भात रूढ झाला तो एडिनबरा येथून. १९४७ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा निमंत्रण नसलेल्या आठ नाट्यसंस्था आपापल्या जबाबदारीवर तेथे येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने त्यांचा उल्लेख महोत्सवाची ‘फ्रिंज’, म्हणजे कडा किंवा झालर, असा केला. हे नाव एका वृत्तपत्रीय लेखातून आलेले आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. परिघाला परिघ म्हणून ओळख दिली ती लेखणीनेच. १९५८ मध्ये या संस्थांची सोसायटी स्थापन झाली. कोणाचीही निवड करावयाची नाही, येईल त्याला जागा शोधू द्यावी, हे तिचे धोरण होते आणि पुढेही तेच टिकले.

निवड करणारी समिती नसेल तर निवडीचे काम कोणाकडे जाते? ते परीक्षकाकडे जाते. एडिनबऱ्याच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. ‘द स्कॉट्समन’ या दैनिकाने १९७३ पासून नव्या नाट्यलेखनासाठी ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार देण्यास आरंभ केला. १९८१ पासून विनोदी प्रयोगांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. २००८ मध्ये तर महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत विनोदी प्रयोगांची संख्या प्रथमच नाटकांपेक्षा अधिक झाली. शेकडो खेळांतून प्रेक्षकाने एक निवडावयाचा, आणि त्याच्या हाती असतात त्या भित्तिपत्रकावर चिकटवलेल्या चांदण्या. परीक्षण प्रयोगानंतर लिहिले जाते खरे, पण ते काम करते पुढच्या प्रयोगाच्या आधी. त्यामुळे ते आखूड, ठसठशीत आणि जाहिरातीत उद्धृत करता येईल असे होत जाते. विनोदाचे परीक्षण तर ‘हसू येते की नाही’ एवढ्या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. एका गमतीदार योगायोगाचीही येथे नोंद करावयास हवी. इंग्रजी राजकीय उपहासाला नवे वळण देणारा ‘बियाँड द फ्रिंज’ हा १९६० चा कार्यक्रम नावाने परिघापलीकडचा असला, तरी तो अधिकृत महोत्सवाचाच भाग होता. परिघाची प्रतिष्ठा वाढली की केंद्र तिचे नाव घेऊ लागते, हे तेथे फार लवकर घडले.

भारतीय परिस्थितीत परिघाचा अर्थ निराळा आहे. एडिनबऱ्याचा परिघ एकाच नगरात, एकाच महिन्यात आणि मुख्य महोत्सवाच्या शेजारी असतो. आपल्याकडचा परिघ भूगोलाचा, साधनांचा आणि भाषेचाही असतो. मुंबईत छबिलदास शाळेचे सभागृह होते. १९७४ पासून ‘आविष्कार’ आणि तिच्या सोबतीच्या संस्थांनी तेथे चालविलेली प्रायोगिक चळवळ शिवाजी मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पण मुंबई-दिल्लीपासून दूर असलेल्या शहरातील हौशी संस्थेला चालत जाण्याजोगे केंद्रच नसते. तिला परिघही स्वतः उभारावा लागतो आणि महोत्सवही स्वतः भरवावा लागतो. जबलपूरचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे.

३

मराठी वाचकाला जबलपूर सर्वस्वी परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश सागरच्या मराठ्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे मध्य प्रांतात जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच शासनाखाली होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती वेगळी झाली. भोपाळ राजधानी झाले आणि उच्च न्यायालय जबलपूरला मिळाले. विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटले. राजधानी न मिळालेल्या शहराला हे विशेषण मिळावे यातही एक हळवा विनोद आहे, आणि जबलपूरकर तो ओळखून आहेत.

या शहराच्या वाङ्मयीन इतिहासात मराठी घरातून आलेले एक नाव अटळपणे समोर येते ते गजानन माधव मुक्तिबोध यांचे. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार, स्वतः मात्र हिंदीचे युगप्रवर्तक कवी. १९४० च्या दशकात ते काही काळ जबलपुरात होते. परसाईंनी १९५६ मध्ये जबलपुरातून ‘वसुधा’ हे मासिक सुरू केले, त्यात मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ प्रकाशित होत असे. मुक्तिबोधांचे दुसरे निकटचे मित्र नेमिचंद्र जैन. ‘तार सप्तक’ या १९४३ च्या संग्रहात दोघांच्याही कविता आहेत आणि दोघांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने आला. हेच नेमिचंद्र जैन १९६५ मध्ये ‘नटरंग’ हे नाट्यविषयक नियतकालिक काढतात, १९६७ मध्ये ‘रंगदर्शन’ हा ग्रंथ लिहितात आणि हिंदी नाट्यसमीक्षेला गंभीर शिस्त लावतात. हिंदी व्यंग्याचा सर्वांत मोठा लेखक आणि हिंदी नाट्यसमीक्षेचा पाया घालणारा समीक्षक, हे दोघेही एका मराठी भाषकाच्या मैत्रीने जोडलेले होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या त्रिकोणाकडे द्यावे तितके लक्ष अद्याप दिलेले नाही.

जबलपुरात नाटक नवे नव्हते. सेठ गोविंददासांनी तेथे बसून शंभरावर नाटके लिहिली. पण ती प्रामुख्याने वाचली गेली. त्या नाट्यलेखनाला संहिता भरपूर आणि प्रयोग थोडे. १९६१ मध्ये ‘विवेचना’ ही संस्था स्थापन झाली ती नाटकासाठी नव्हे. नावाप्रमाणेच ती विचारविनिमयाची, व्याख्यानांची आणि चर्चांची संस्था होती, आणि परसाई तिच्या वैचारिक वर्तुळातील प्रमुख होते. चर्चामंडळाने नाट्यमंडळ व्हावे ही गोष्ट १९७० च्या दशकात घडली, प्रथम नुक्कड नाटकांच्या रूपाने. अलखनंदन यांनी याच संस्थेत दिग्दर्शन केले आणि नंतर ते भोपाळला गेले. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन उभे राहिले, ब. व. कारंत यांच्या नेतृत्वाखाली तेथे वेतन घेणारे रंगमंडळ आले, आणि मध्य प्रदेशाच्या रंगभूमीचे केंद्र निश्चित झाले. जबलपूर परिघावर गेले ते तेव्हा. त्याने तेथील काम थांबले नाही. अरुण पांडेय, वसंत काशीकर अशा दिग्दर्शकांनी ते चालू ठेवले. काशीकरांचे आडनाव पाहून मराठी वाचक क्षणभर थबकेल, परंतु त्यांची रंगभाषा हिंदीच होती. पुढे ‘विवेचना’ आणि ‘विवेचना रंगमंडळ’ अशा दोन नावांनी हे काम चालत राहिले, आणि अन्य शहरांतील संस्थांना बोलावून जबलपुरात नाट्यसमारोह भरविण्याची परंपरा उभी राहिली. एडिनबऱ्यात निमंत्रण नसलेले पाहुणे आले. जबलपुरात परिघावरच्या संस्थेनेच यजमानपद घेतले आणि इतरांना निमंत्रण दिले. परिघ या संकल्पनेची ही भारतीय उलटापालट आहे.

४

‘विवेचना’च्या परंपरेतील सर्वांत लक्षणीय प्रयोग म्हणून ‘निठल्ले की डायरी’चा विचार करावा लागतो. परसाईंच्या या नावाच्या पुस्तकावरून आणि त्यांच्या इतर लेखनातून अरुण पांडेय यांनी हे नाटक रचले. त्याला एकसंध कथानक नाही. रिकामटेकडा माणूस आणि त्याला भेटणारी माणसे अशा प्रसंगांची ती माळ आहे.

येथे मराठीशी तुलना आपोआप सुचते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा, राम गणेश गडकऱ्यांचा ‘रिकामपणची कामगिरी’ करणारा बाळकराम आणि परसाईंचा ‘निठल्ला’ ही एकाच कुळातील माणसे आहेत. काम नसलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या कामाचा पोकळपणा दिसतो, ही या तिघांच्या जन्मामागची युक्ती आहे. भेद आहे तो हास्याच्या दिशेत. बाळकराम स्वतःच्या फजितीवर वाचकाला हसवतो आणि फजिती संपली की हिशेब मिटतो. परसाईंचा निठल्ला दुसऱ्याचे दुःख ऐकायला जातो आणि त्या दुःखामागची व्यवस्था उघडी पडते. न. चिं. केळकरांच्या ‘सुभाषित आणि विनोद’ या १९०८ च्या ग्रंथापासून मराठीत विनोदाची मीमांसा झाली, तिच्यात विसंगती हे तत्त्व मध्यवर्ती राहिले. हिंदीत परसाईंच्या निमित्ताने ‘व्यंग्य’ ही स्वतंत्र विधा आहे काय, असा वाद झाला. परसाई स्वतः तिला विधा न मानता वृत्ती मानीत. वृत्ती मानल्यामुळेच ती निबंधातून रंगमंचावर इतक्या सहजपणे जाऊ शकली असावी.

निबंधाचा विनोद रंगमंचावर नेण्याचा मोठा प्रयोग मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने सादर करून केला. पण तेथे लेखक आणि नट एकच होता. परसाईंच्या बाबतीत लेखक प्रयोगापासून वेगळा होता आणि अखेरच्या वर्षांत तर शारीरिकदृष्ट्याही दूर होता. पाय मोडल्यानंतर त्यांचे हिंडणे-फिरणे कमी होत गेले. ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या ज्या पुस्तकाला १९८२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, त्याच्या शीर्षकनिबंधातही तो मोडलेला पाय आहे. चाळीतील हशा पु. लं.च्या आवाजाचा होता आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. जबलपूरचा हशा समूहाचा होता. नटसमूहाचा आणि प्रेक्षकसमूहाचाही.

या प्रेक्षकसमूहात कोण असणार, हे शहराच्या रचनेवरून सांगता येते. जबलपूर हे कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे शहर आहे. उच्च न्यायालय, रेल्वे, विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना आणि त्याच्या जोडीचे संरक्षण खात्याचे इतर कारखाने, वीज मंडळाचे मुख्यालय. नाटके होत ती गोलबाजारातील शहीद स्मारक भवनात, ज्याच्या भिंतींवर ब्योहार राममनोहर सिन्हांनी स्वातंत्र्यलढ्याची चित्रे रंगविली आहेत, आणि पुढे रामपूर भागातील ‘तरंग’ प्रेक्षागृहात. हे ‘तरंग’ वीज मंडळाचे. अर्जावर ‘वजन’ ठेवल्याशिवाय कागद उडून जातात, असे साहेब नारदाला सुनावतो आणि नारदाला अखेर आपली वीणाच तेथे ठेवावी लागते, तेव्हा हसणारा प्रेक्षक बराचसा फायलींशी पोटापाण्याचा संबंध असलेला असतो. काहींनी तो अर्ज लिहिलेला असतो, काहींच्या टेबलावर तो पडलेला असतो, आणि एकाच रांगेत बसून दोघेही हसतात. हा हशा एकजिनसी नाही. त्यात सूड आहे, कबुली आहे, ओशाळलेपण आहे. ‘प्रेक्षकांनी उत्स्फूर्त दाद दिली’ या वाक्यात यातले काहीही उरत नाही.

दुसरे उदाहरण ‘इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर’चे. चंद्रावरच्या पोलीस खात्याच्या सुधारणेसाठी भारतातून मातादीन नावाचा इन्स्पेक्टर पाठविला जातो. जखमी माणसाला रुग्णालयात पोचविणाऱ्यालाच तो आरोपी करतो आणि परिणामी चंद्रावर कोणी कोणाला मदत करीनासे होते. वाचताना ही कथा पूर्वार्धात हसवते आणि उत्तरार्धात गारठवते. प्रयोगात हा पालट नेमका केव्हा होतो? हशा कोणत्या वाक्याला थांबतो? दिग्दर्शकाच्या यशाचा कस येथे लागतो आणि परीक्षकाच्या कानाचाही. विनोदी प्रयोगात हशा केव्हा बंद पडला हे नोंदविणे, तो केव्हा सुरू झाला हे नोंदविण्याइतकेच महत्त्वाचे असते.

५

परीक्षकाने प्रेक्षकाच्या हशाची नोंद ठेवावी, ही मागणी आधुनिक वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. मानुषी सिद्धी वाङ्मयी आणि शारीरी अशा दोन प्रकारे प्रकट होते. स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ हे उद्गार ही पहिल्या प्रकारची चिन्हे. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे देणे ही दुसऱ्या प्रकारची. म्हणजे हास्याच्या श्रेणी केवळ रसविचारात नटाच्या अंगाने मांडलेल्या नाहीत, त्या प्रेक्षकाच्या अंगाने पुरावा म्हणूनही मोजलेल्या आहेत. प्राश्निक, म्हणजे परीक्षक, दहा प्रकारचे सांगितले आहेत आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा आहे. यज्ञ जाणणारा यज्ञकर्माबद्दल बोलेल, धनुर्विद्या जाणणारा शस्त्रांबद्दल, चित्रकार वेषभूषेबद्दल, शृंगाराच्या उपचाराबद्दल वेश्या. विनोदी प्रयोगाच्या परीक्षकाला हे तत्त्व फार उपयोगी पडावे. ‘भोलाराम’च्या प्रयोगाचा एक प्राश्निक निवृत्त कारकूनच असावयास हवा! घातांची, म्हणजे प्रयोगातील विघ्नांची, यादी तर अधिकच रोचक आहे. तीत दैविक आणि स्वतःच्या चुकीने घडलेल्या विघ्नांबरोबर शत्रूंनी मुद्दाम केलेला आरडाओरडा आणि शेण-ढेकळांचा वर्षावही मोजलेला आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या प्रेक्षागृहातला आवाज भरतमुनींना अपरिचित वाटला नसता.

मग आधुनिक परीक्षणातून प्रेक्षक नाहीसा का झाला? मराठीपुरते बोलायचे तर त्याची कारणे परीक्षणाच्या जन्मात आहेत. ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकांतून परीक्षण आले ते ग्रंथपरीक्षणाच्या पोटातून. कोल्हटकरांसारख्यांची दीर्घ परीक्षणे नाटकाला वाङ्मयकृती मानून लिहिलेली आहेत. पौराणिक नाटकाला जोडून होणारे फार्स प्रेक्षकांना अतिशय प्रिय होते. परंतु ज्याचे पुस्तक नाही त्याचे ग्रंथपरीक्षणही नाही, त्यामुळे त्या फार्सांपैकी पुष्कळसे इतिहासातून जवळजवळ पुसले गेले. १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याने आणि पुढील परिनिरीक्षणाच्या व्यवस्थेने शासनाचेही लक्ष शब्दांकडे वळले. आगाऊ तपासता येतात ते शब्दच. टीकाकार आणि निरीक्षक, दोघेही संहितेचे वाचक झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी नाट्यपरीक्षण समृद्ध होते यात संशय नाही. माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, पुष्पा भावे, कमलाकर नाडकर्णी ही नावे त्याची साक्ष आहेत. पण त्यातही मूळ वळण टिकून राहिले. माधव मनोहरांचा व्यासंग नाटकाचा परकीय स्रोत हुडकून काढण्यात विशेष रमत असे. नाटक कोठून आले, हे त्यांच्यामुळे कळते. ते कोणापुढे गेले, हे कळत नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’बद्दल १९७४ पासून विपुल लिहिले गेले. मृत भाऊरावच कीर्तनकार होतो, या कल्पनेचे विश्लेषण उत्तम झाले. परंतु कीर्तन ऐकत वाढलेल्या पुणेकराच्या हशात आणि कीर्तन न ऐकलेल्याच्या हशात कोणते अंतर होते, याची नोंद त्या मानाने फारच थोडी आहे.

६

जबलपूरसारख्या शहरातील परीक्षणाचे दुखणे याहून निराळे. तेथे परीक्षण बहुधा वार्तेच्या रूपात येते. काल अमुक सभागृहात तमुक नाटक झाले, कथासार, मग भूमिकांची नावे, प्रकाश, संगीत, वेषभूषा, मंचव्यवस्था, आणि शेवटी प्रेक्षकांच्या पसंतीचे एक वाक्य. लहान शहरात परीक्षक आणि नट एकमेकांना ओळखतात, संध्याकाळी एकाच चौकात भेटतात, त्यामुळे कठोर शब्द सहसा छापला जात नाही. महानगरातील समीक्षक अशा वार्तांकडे तुच्छतेने पाहतात. ही तुच्छता अनाठायी आहे. या वार्तांतील नावांची लांबच लांब यादी इतिहासकाराला चांदण्यांपेक्षा शतपट मोलाची आहे. कोणत्या वर्षी प्रकाशयोजना कोण करीत होते, नटसंचात स्त्रिया किती होत्या, कोणता नट पुढे दिग्दर्शक झाला, हे केवळ त्या यादीतूनच कळते. एडिनबऱ्याच्या आखूड परीक्षणात पडद्यामागच्या माणसांना जागा मिळणे कठीण.

अडचण दुसरीकडेच आहे. स्थानिक वार्ताहर स्थानिक प्रेक्षकांसाठी लिहितो, म्हणून सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तो लिहीत नाही. त्या आठवड्यात शहरात काय घडले होते, मातादीनची लकब कोणाच्या लकबीची आठवण करून देत होती, घमापूरच्या उल्लेखावर मागच्या रांगेतून काय उत्तर आले, हे सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. व्यंग्याच्या बाबतीत तर मौनाला भीतीचीही जोड असते. १९७३ मध्ये परसाईंना त्यांच्या लेखनाबद्दल घरात घुसून मारहाण करण्यात आली होती. अशा गावात लक्ष्याचे नाव घेणे नट इशाऱ्याने करू शकतो, परीक्षकाला ते काळ्यावर पांढरे करावे लागते. त्यामुळे जे सर्वांत जास्त लोकांना कळलेले असते तेच सर्वांत आधी विस्मृतीत जाते. तीस-चाळीस वर्षांनी वार्तेचे कात्रण हाती येते तेव्हा नटांची नावे असतात, टाळ्यांचा उल्लेख असतो, आणि टाळी कशाला पडली याची मात्र जागा रिकामी असते. सहा खंडांची ‘परसाई रचनावली’ ही जागा भरू शकत नाही.

याचा परिणाम वाङ्मयेतिहासावर झालेला आहे. परसाई निबंधकार आणि कथाकार म्हणून इतिहासात आहेत. हिंदी नाटकाच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते, कारण त्यांनी नाटके लिहिली नाहीत. पण त्यांचे लेखन ज्या हजारो लोकांनी कानांनी ऐकले आणि शेजाऱ्यासह हसून स्वीकारले, त्यांच्या दृष्टीने ते नाट्यच होते. ‘विवेचना’चा उल्लेख तळटीपेत होतो. छबिलदासच्या वाट्याला निदान आठवणींची पुस्तके आली, ती मुंबईत लिहिती माणसे अधिक होती म्हणून. परिघाच्याही परिघावर असलेल्यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

प्रेक्षकाची बाजू कागदावर उतरण्याचे एक उदाहरण मात्र जबलपूरच्याच इतिहासात आहे आणि ते रंगभूमीच्या बाहेरचे आहे. ‘देशबंधु’ या रायपूर-जबलपूरच्या दैनिकात १९८० च्या दशकात ‘पूछिए परसाई से’ हे सदर चालत असे. वाचकांनी प्रश्न पाठवावेत आणि परसाईंनी उत्तरे द्यावीत, असे त्याचे स्वरूप होते. आरंभी प्रश्न सिनेमाचे आणि प्रेमाबिमाचे येत. उत्तरे देता देता परसाईंनी वाचकांना राजकारणाकडे, इतिहासाकडे, जगाच्या उलाढालींकडे वळविले. या सदराच्या निवडक मजकुराचे पुढे पुस्तक झाले. सामान्यतः असे पुस्तक उत्तरांसाठी वाचले जाते. हशाच्या इतिहासकाराने त्यातील प्रश्न वाचावयास हवेत. लहान गावांतील माणसांना कशाची चीड येत होती, कोणता पुढारी त्यांना हास्यास्पद वाटत होता, कोणती गोष्ट त्यांना मुळीच सांगावी लागत नव्हती, हे त्या प्रश्नांत आहे. ‘निठल्ले की डायरी’च्या काळातला प्रेक्षक तेथे निदान अक्षरांत बसलेला सापडतो.